पत्रकाखाली सही कोणाची?

६ फेब्रुवारी २०२३ रोजी गूगल कंपनीने 'बार्ड' या आपल्या नव्या संभाषक प्रणालीची एक छोटी जाहिरात प्रसिद्ध केली. याच प्रणालीला पुढे २०२४ मध्ये 'जेमिनी' हे नाव देण्यात आले. जाहिरातीत प्रणालीला एक प्रश्न विचारलेला दिसत होता: जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने लावलेल्या नव्या शोधांपैकी घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाला काय सांगता येईल? उत्तरात काही सुटसुटीत मुद्दे होते. त्यांतला एक असा, की सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाची अगदी पहिली छायाचित्रे वेब दुर्बिणीने घेतली.

हे विधान चुकीचे होते. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचे पहिले प्रत्यक्ष छायाचित्र २००४ साली चिलीतील पारानाल येथील 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप' या युरोपीय दुर्बिणीने घेतले होते. वेब दुर्बीण अवकाशात गेली ती डिसेंबर २०२१ मध्ये. खगोलशास्त्रज्ञांनी आणि वृत्तसंस्थांनी ही चूक लगेच दाखवून दिली. ८ फेब्रुवारीला एका दिवसात कंपनीच्या समभागांचे बाजारमूल्य सुमारे १०० अब्ज डॉलरने उतरले. या घसरणीला इतरही कारणे होती. पण चर्चा झाली ती या एका वाक्याची.

ही हकिकत बहुतेकांनी 'यंत्र चुकले' म्हणून ऐकली आणि सोडून दिली. आम्हाला मात्र ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. त्या दिवशी बार्ड सर्वसामान्यांसाठी खुले झालेले नव्हते. म्हणजे कोणा वापरकर्त्याला अचानक चुकीचे उत्तर मिळाले, असे घडले नाही. ती कंपनीने स्वतः तयार करून, निवडून, जगापुढे ठेवलेली जाहिरात होती. असा मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी माणसांच्या नजरेखालून जातो. तरीही, हे विधान खरे आहे का, हा साधा प्रश्न शेवटपर्यंत कोणी विचारला नाही. चूक यंत्राने केली खरी, पण ती प्रसिद्ध केली माणसांनी.

संस्था आणि समाज यांच्यातला संवाद सांभाळण्याच्या कामाला जनसंपर्क म्हणतात. प्रसिद्धीपत्रके, निवेदने, वार्षिक अहवाल, भाषणांचे मसुदे, आपत्तीच्या वेळचे खुलासे ही या व्यवसायाची रोजची कामे. मजकूर स्वतः रचणारी, ज्यांना 'जनरेटिव्ह एआय' म्हणतात अशी साधने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आल्यापासून या कामात झपाट्याने शिरली. ती जबाबदारीने कशी वापरावीत यासाठी व्यावसायिक संघटनांनी तत्त्वेही जाहीर केली. या तत्त्वांचा भर बरोबर जागी आहे का, हे आम्हाला इथे तपासायचे आहे.

प्रथम चूक कशी घडते ते पाहू. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने एक बातमी दिली होती. तिचा आशय असा, की वेब दुर्बिणीच्या साहाय्याने शास्त्रज्ञांनी सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचे छायाचित्र पहिल्यांदाच घेतले आहे. बातमी खरी होती. वेबसाठी ती पहिलीच वेळ होती. आता मराठीतील ही दोन वाक्ये पाहा: 'वेबने सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचे छायाचित्र पहिल्यांदाच घेतले' आणि 'सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचे पहिलेच छायाचित्र वेबने घेतले.' शब्द जवळपास तेच. 'पहिल्यांदाच'चे 'पहिलेच' झाले, त्याने जागा बदलली आणि खऱ्याचे खोटे झाले. बार्डची चूक याच वाटेने झाली असावी, असा तर्क करायला जागा आहे.

भाषा-प्रणाली प्रचंड मजकुरावर तयार होते. कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचे अतिशय बारीक गणित ती शिकते. तिने रचलेले वाक्य सुघड असते, कारण सुघडपणा हा त्या गणिताचाच गुण आहे. परंतु वाक्य सुघड असणे आणि ते खरे असणे या दोन गोष्टी वेगळ्या. वरची दोन्ही वाक्ये भाषा म्हणून सारखीच चांगली आहेत. त्यांतले खरे कोणते हे वाक्याकडे पाहून ठरत नाही. आकाशाकडे किंवा आकाश पाहिलेल्यांच्या नोंदींकडे पाहावे लागते. अलीकडच्या प्रणाली महाजालावर शोध घेऊन संदर्भही देतात. त्याने चुका कमी होतात. पण तो संदर्भ उघडून, तिथे खरोखर तेच लिहिले आहे का, हे पाहण्याचे काम उरतेच.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की दोष यंत्राचा आहे आणि माणसांच्या हातचा जनसंपर्क बरा होता. इतिहास तसे सांगत नाही.

आधुनिक जनसंपर्काच्या जनकांमध्ये आयव्ही ली या अमेरिकन गृहस्थांचे नाव घेतले जाते. पूर्वी वार्ताहर असलेल्या ली यांनी १९०६ मध्ये, कोळसा खाणमालकांचे काम करताना, वृत्तपत्रांना आपल्या तत्त्वांचे एक निवेदन पाठवले. आमचे काम उघडपणे चालेल, आम्ही देतो ती माहिती अचूक असेल आणि कोणा संपादकाला तिच्यातील एखादे विधान पडताळून पाहायचे असेल तर आम्ही आनंदाने मदत करू, अशी त्यात ग्वाही होती. ही ग्वाही आजही या व्यवसायाच्या पाठ्यपुस्तकांतून आदराने सांगितली जाते.

आठ वर्षांनंतरची गोष्ट. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोराडो राज्यात लडलो येथे संपावर असलेल्या खाणकामगारांच्या तंबूवस्तीवर हल्ला झाला. त्यात मारल्या गेलेल्यांमध्ये अकरा मुले आणि दोन स्त्रिया होत्या. एका तंबूखालच्या खड्ड्यात आसरा घेतलेली ही माणसे वर आग लागल्यावर गुदमरून मेली. देशभर संताप उसळला. संप ज्यांच्याविरुद्ध होता त्या खाणकंपन्यांपैकी प्रमुख कंपनी रॉकफेलर कुटुंबाच्या ताब्यात होती. कुटुंबाने लींना बोलावले. लींनी खाणमालकांची बाजू मांडणारी पत्रके काढली आणि ती वृत्तपत्रांना व प्रतिष्ठित नागरिकांना पाठवली. पत्रके नेटकी होती, पण त्यांत गंभीर चुका होत्या. एका पत्रकात तर कामगार-पुढाऱ्यांना वर्षभरात मिळालेली रक्कम नऊ आठवड्यांची मिळकत म्हणून छापली गेली होती. १९१५ मध्ये सरकारी चौकशी आयोगापुढे लींना विचारण्यात आले, की खाणमालकांनी दिलेली माहिती खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी तुम्ही स्वतः काय केले? काहीही नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

वाचकांच्या लक्षात येईल, की १९१४ च्या लींचे वर्णन आजच्या यंत्राला जसेच्या तसे लागू पडते. दिलेली माहिती घ्यायची, ती खरी की खोटी हे न विचारता सुरेख भाषेत मांडायची आणि पुढे पाठवायची. यंत्राने जनसंपर्काला नवा रोग आणलेला नाही. जुनाच रोग आता मोफत, काही सेकंदांत आणि हव्या तेवढ्या प्रती काढून मिळू लागला आहे. लींना एक पत्रक लिहायला काही तास तरी लागत असतील. त्या वेळात कधीतरी मनात शंका येण्याची शक्यता होती. यंत्राने वाचवलेल्या वेळाबरोबर शंकेचा वेळही वाचतो.

आता व्यावसायिक तत्त्वांकडे वळू. जनसंपर्क सल्लागार कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये 'वॉर्सा तत्त्वे' या नावाने मार्गदर्शक सूत्रे स्वीकारली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर पारदर्शक असावा, तो जाहीर करावा, वस्तुस्थिती तपासावी, गोपनीयता सांभाळावी असा त्यांचा सूर आहे. इतर संघटनांचे उपदेशही साधारण याच धर्तीचे. यांतले एकही वाक्य चुकीचे नाही. पण प्रत्यक्षात ज्या सूत्राचा बोलबाला होतो ते म्हणजे 'जाहीर करा'. तळाशी एक ओळ टाकली, 'हा मजकूर एआयच्या मदतीने तयार केला आहे', की जबाबदारी पार पडली, असा समज रूढ होऊ लागला आहे. आमचा मुख्य आक्षेप या समजावर आहे, आणि त्याला आधार म्हणून एक घटना सांगतो. ती शिक्षक घडवणाऱ्या एका महाविद्यालयातलीच आहे.

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला आणि तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. तीन दिवसांनी टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबडी महाविद्यालयाच्या एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना सांत्वनपर पत्र ई-मेलने पाठवले. परस्परांची काळजी घ्या, सर्वांना सामावून घेणारे वातावरण निर्माण करा, असे त्यात लिहिले होते. मिशिगनमध्ये गोळीबाराची घटना एकच घडली होती. पत्रात तिचा उल्लेख अनेकवचनात होता. आणि पत्राच्या शेवटी, हा मजकूर चॅटजीपीटीवरून घेतला आहे, अशी नोंद होती. ती नोंद 'व्यक्तिगत पत्रव्यवहार' या प्रकाराने दिली होती. संदर्भ देण्याच्या शास्त्रात हा प्रकार माणसाने माणसाशी केलेल्या संवादासाठी असतो.

विद्यार्थी संतापले. महाविद्यालयाला माफी मागावी लागली आणि त्या कार्यालयातील दोन पदाधिकारी चौकशीच्या काळात त्या जबाबदारीतून बाजूला झाले.

या प्रसंगात 'जाहीर करा' हे सूत्र तंतोतंत पाळले गेले होते. काहीही लपवलेले नव्हते. नोंद काढून टाकली असती तर बहुधा कोणाला कळलेही नसते! मग नेमके बिघडले कुठे? आमच्या मते उत्तर असे: सांत्वनाच्या पत्रात माहिती जवळजवळ नसतेच. त्याची सगळी किंमत, कोणीतरी आपल्यासाठी बसून विचार केला, यात असते. आपल्याकडे कोणाच्या घरी दुःखद घटना घडली की माणूस दारात जाऊन बसतो. पुष्कळदा एक शब्दही बोलत नाही, आणि तरी ते पोहोचते. बसायला दुसऱ्या कोणाला पाठवून 'हे माझ्या वतीने आले आहेत' असे प्रामाणिकपणे सांगितले, तर प्रामाणिकपणाबद्दल शाबासकी मिळत नाही. जे काम दुसऱ्यावर सोपवताच येत नाही ते सोपवले, ही तिथली चूक होती. ती जाहीर केल्याने भरून आली नाही. उलट उघडी पडली.

म्हणून आमचे म्हणणे असे, की जबाबदारीची कसोटी 'कशाने लिहिले' ही नसून 'या वाक्यामागे कोण उभे आहे' ही असावी. बार्डच्या जाहिरातीत वस्तुस्थितीमागे कोणी उभे नव्हते. पीबडीच्या पत्रात भावनेमागे कोणी उभे नव्हते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मंत्र्यांची भाषणे, कंपनी-अध्यक्षांची निवेदने कुठे ते स्वतः लिहितात? दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरावर सही करणे हा तर जनसंपर्काचा जुनाच रिवाज. मग यंत्राचेच वावडे का? फरक आम्हाला असा दिसतो. चांगला जनसंपर्क अधिकारी लिहिण्यापूर्वी चार जणांना विचारतो. हा आकडा कुठून आला, असे लेखा विभागाला फोन करून विचारतो. 'साहेब, हे वाक्य खरे नाही, हे आपण छापू नये,' असे सांगण्याची त्याच्यावर वेळ येते आणि कधी कधी तो तसे सांगतोही. त्याचे मोल त्याच्या भाषेपेक्षा या विचारपुशीत आणि या नकारात आहे. सांगितल्यास यंत्रही शंका काढून देईल, पण लेखा विभागातल्या कोणत्या टेबलावर खरा कागद आहे हे त्याला ठाऊक नसते. भाषेचे काम यंत्राने जरूर करावे. विचारपूस करणारा माणूस त्याबरोबर कमी केला, तर हाती १९१४ चे लीच उरतील.

जबाबदारी यंत्रावर ढकलताही येत नाही. एअर कॅनडा या विमानकंपनीच्या संकेतस्थळावरील स्वयंचलित संवादकाने, आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या एका प्रवाशाला सांगितले, की शोकप्रसंगीच्या सवलतीसाठी तिकीट काढल्यावरही अर्ज करता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता आणि तिने परतावा नाकारला. प्रकरण कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेले. तिथे कंपनीचा एक युक्तिवाद, हा संवादक स्वतःच्या कृतींना स्वतः जबाबदार आहे, असा निघत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई देण्याचा आदेश दिला. संकेतस्थळावरील साधे पान असो की संवादक, तिथल्या माहितीला कंपनीच जबाबदार, असा निर्णयाचा गाभा होता.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यातही हा विचार दिसतो. सार्वजनिक हिताच्या विषयावर लोकांना माहिती देण्यासाठी प्रसिद्ध केलेला मजकूर यंत्राने रचलेला असेल, तर तसे जाहीर करावे, असे तो सांगतो. मात्र माणसाने त्या मजकुराची तपासणी केली असेल आणि कोणी व्यक्ती वा संस्था त्याची संपादकीय जबाबदारी घेत असेल, तर जाहीर करण्याचे बंधन उरत नाही. म्हणजे पाटी लावा, नाहीतर जबाबदारी घ्या. तत्त्व म्हणून हे आम्हाला पटते. पण यात एक पळवाटही आहे. 'तपासणी' म्हणजे काय? मजकुरावरून नजर फिरवणे हीसुद्धा तपासणी म्हणता येईल. बार्डची जाहिरातही कोणीतरी डोळ्यांखालून घातली असेलच. सही करणाऱ्याने प्रत्येक विधानाचा उगम पाहिला आहे, एवढा अर्थ 'तपासणी' या शब्दाला मिळाला नाही, तर ही सवलत रबरी शिक्क्यासारखी वापरली जाईल.

खरे पाहता त्यासाठी नवे तत्त्व शोधण्याचीही गरज नाही. १९६५ मध्ये अथेन्स येथे जनसंपर्क व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एक आचारसंहिता स्वीकारली. सत्याला इतर गरजांपुढे दुय्यम लेखू नये, आणि पडताळलेल्या वा पडताळता येण्याजोग्या वस्तुस्थितीवर आधारलेली नसेल अशी माहिती पसरवू नये, असे तिच्यात आहे. आपल्या देशातील पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाने ही संहिता १९६८ मध्ये स्वीकारली. त्या वेळी मजकूर रचणारी यंत्रे नव्हती, तरी नियम आजच्या प्रश्नाला पुरेसा आहे. नव्या सूत्रांनी साधनावर जितकी शाई खर्च केली त्याच्या निम्मी जरी या जुन्या नियमाच्या अंमलबजावणीवर केली असती, तरी अधिक उपयोग झाला असता, असे आम्हाला वाटते.

याचा अर्थ हे साधन टाकाऊ आहे, असा मुळीच नाही. छोट्या संस्थांना जनसंपर्क अधिकारी परवडत नाही. आपल्याजवळच्या खऱ्या माहितीची सुबक मांडणी करणे, लांबलेला मजकूर आटोपशीर करणे, मराठी पत्रकाचा इंग्रजी मसुदा तयार करणे, यासाठी यंत्राची मदत खरोखर मोलाची आहे. आणखी एक उपयोग आम्हाला विशेष आवडतो. आपण लिहिलेले पत्रक यंत्राला द्यावे आणि एखादा चिकित्सक वार्ताहर यावर कोणते प्रश्न विचारील, असे विचारावे. उत्तरे मात्र आपण शोधावीत. असा वापर केला, तर वाचलेला वेळ पडताळणीसाठी कामी येतो.

शिक्षकमित्रांना हा सगळा विषय दूरचा वाटू नये. शाळेच्या वार्षिक अहवालाचा मजकूर, विज्ञान प्रदर्शनाची वर्तमानपत्राकडे पाठवायची बातमी, पालकांना धाडायचे निवेदन, एखाद्या सहकाऱ्याच्या निधनानंतर फलकावर लिहायच्या चार ओळी, हाही जनसंपर्कच आहे आणि बहुधा तो आपल्यापैकीच कोणाच्या तरी गळ्यात पडतो. यंत्राला 'विज्ञान प्रदर्शनाची बातमी लिहा' एवढेच सांगितले, तर 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' हे वाक्य येण्याचा संभव मोठा. प्रदर्शनाला दहाच मुले आलेली असली, तरी. विद्यार्थ्यांची नावे, गुण, आजारपण अशी माहिती यंत्राला देऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच. आणि फलकावरच्या त्या चार ओळी, कितीही ओबडधोबड झाल्या तरी, आपणच लिहाव्यात.

नववी-दहावीच्या वर्गात एक उपक्रम सहज करता येईल. कोणतेही एक प्रसिद्धीपत्रक किंवा जाहिरात घ्यावी. ती माणसाने लिहिली की यंत्राने, याची चर्चा करूच नये. विद्यार्थ्यांनी तिच्यातील प्रत्येक विधानाखाली रेघ मारावी आणि समोर लिहावे: हे कोणाला माहीत आहे? त्याला ते कसे कळले? आपल्याला ते कुठे पाहता येईल? काही विधानांसमोर उत्तर मिळेल, काहींसमोर जागा कोरी राहील. मग शाळेचीच एखादी बातमी घेऊन हेच करावे. ते थोडे अवघड जाईल, कारण तिथे कोऱ्या जागा आपल्या असतील.

नऊ वर्षांच्या मुलाला काय सांगावे, असा त्या जाहिरातीतला प्रश्न होता. तो आपल्याला रोज पडतो. मूल आपल्या सांगण्यावर विश्वास ठेवते, कारण सांगणारा समोर उभा असतो आणि उद्या 'सर, तुम्ही काल सांगितलेले चुकीचे होते' असे म्हणायला त्याला कोणीतरी सापडते. पत्रकाच्या वाचकालाही असे कोणीतरी सापडले पाहिजे. तेवढ्यासाठीच पत्रकाखाली सही असते.